पहिल्या भेटीत काही शिकवू नका: टीबीच्या रुग्णांकडे मेडिकलची मुलं पाठवताना

दरवर्षी नवी बॅच आली की दोन-तीन मुलं माझ्या टेबलापाशी येतात आणि विचारतात, "मॅम, पेशंट एज्युकेशनसाठी चार्ट बनवू का?" मी म्हणते, चार्ट राहू दे, आधी स्टूल ओढ आणि बस. इंदूरच्या एका मेडिकल कॉलेजच्या चेस्ट विभागात मी बावीस वर्षं मेडिकल सोशल वर्कर आहे. डॉक्टर नाही. गोळी कोणती द्यायची हे डॉक्टर ठरवतात. दिलेली गोळी सहा महिने पोटात जाते की खिडकीतून बाहेर, हे बघायचं माझ्याकडे. त्या कामाला विद्यार्थ्यांना कसं जुंपायचं ते लिहिते आहे. कुणी दुसरीकडे हे सुरू करणार असेल तर माझ्या चुका त्याला फुकटात मिळाव्यात.

विद्यार्थीच का, असं विचाराल तर त्यांच्याकडे वेळ असतो म्हणून. ओपीडीत डॉक्टरांच्या पुढ्यात रांग असते, आणि "टीबी आहे" हे शब्द कानावर पडले की पुढचं पाच मिनिटं माणसाला काही ऐकूच येत नाही. नेमक्या त्याच पाच मिनिटांत आपण त्याला सगळं सांगून मोकळे होतो.

आधी कॅलेंडर

मुलं निवडायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या टीबीचे उपचार सहा महिन्यांचे: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. आता मुलांच्या परीक्षा, दिवाळीची सुट्टी, पोस्टिंग कधी बदलते ते त्यावर मांडा.

मी पहिल्या वर्षी हे केलं नाही. ऑगस्टमध्ये मोठ्या उत्साहानं सुरुवात केली. ऑक्टोबर संपेपर्यंत रुग्णांचा खोकला गेला, भूक परतली, चेहऱ्यावर तकाकी आली, आणि माझी मुलं इंटर्नल परीक्षा देऊन दिवाळीला घरी गेली. तिसरा महिना हा टीबीतला सगळ्यांत फसवा महिना. माणसाला बरं वाटतं, म्हणून तो बरा झालो असं समजतो. आमच्या दोघा रुग्णांनी त्याच महिन्यात गोळ्या सोडल्या आणि महिनाभर कुणाला पत्ताही नव्हता. चूक त्यांची कमी, माझी जास्त.

म्हणून तिसऱ्या महिन्यात कुणीतरी हजर असेलच अशी जोडी लावा. परीक्षा आडवी येत असेल तर ज्युनियरची रुग्णाशी ओळख आधीच करून द्या. रुग्णाचंही कॅलेंडर विचारून घ्या. आमच्याकडे झाबुआ, अलीराजपूर, धारकडची माणसं पुष्कळ येतात. होळीच्या आधी भगोरियाचे हाट भरले की ती गावी जाणारच. सोयाबीनच्या पेरणीला आणि कापणीला जाणारच. "जाऊ नका" असं विद्यार्थ्यानं सांगायचं नाही, कारण त्याचं कुणी ऐकणार नाही. "कधी जाणार, किती दिवस, आणि गोळ्या किती नेणार" हे विचारायचं. कामासाठी गुजरातेत जाणार असेल तर आधी डॉट्स केंद्रावर, म्हणजे टीबीची औषधं मिळतात त्या केंद्रावर, सांगायला लावायचं. निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी-नोंदणी पोर्टलवर, नोंद देशभर एकच असते, त्यामुळे उपचार तिकडच्या केंद्रात वळवता येतात. दगड दळण्याच्या कारखान्यात काम केलं आहे का, हेही विचारायचं. गोध्र्याकडच्या क्वार्ट्झच्या कारखान्यांत आमच्या भागातली माणसं वर्षानुवर्षं गेली आहेत, आणि सिलिकाची धूळ छातीत बसलेल्या माणसाला टीबीचा धोका कितीतरी जास्त. अशा माणसाला बरं झाल्यावर परत त्याच धुळीत जाऊ नका हे सांगणं सोपं आहे. घर कशावर चालवायचं, याचं उत्तर मात्र थर्ड इयरच्या पोराकडे नसतं. माझ्याकडेही नसतं.

जोडी, मास्क आणि ॲप्रन

दोन विद्यार्थी, दोन रुग्ण. याहून जास्त नको. जोडीतला एक जण इकडचा असावा, ज्याला माळवी-निमाडी कानावरची आहे. दुसरा कुठलाही चालेल. ऑल इंडिया कोट्यातून आलेली केरळची एक मुलगी "भिया, गोली खाई?" असं इंदुरी थाटात विचारायला शिकली, तेव्हा तिचा पेशंट खोकला येईपर्यंत हसला. त्या दिवसापासून तो तिच्याशी खरं बोलायला लागला.

मुलांच्या सुरक्षेबाबत मी कडक आहे. विद्यार्थ्याला एन-९५, रुग्णाला साधा मास्क किंवा तोंडावर रुमाल. पहिल्या भेटी बंद खोलीत नाहीत. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसतो, वारा वाहता असतो. योग्य औषधं सुरू झाली की बहुतेकांचा संसर्ग दोनेक आठवड्यांत खूप कमी होतो, म्हणून घरची भेट त्यानंतर. ज्या विद्यार्थ्याला स्वतःला मधुमेह आहे किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत, त्यानं मला येऊन एकट्यात सांगावं. त्याला दुसरं काम देते. आणि ज्याचा खोकला दोन आठवडे हटत नाही, त्यानं आधी स्वतःचा बेडका तपासून घ्यावा. मेडिकलच्या मुलांना टीबी होत नाही असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही.

घरी जाताना ॲप्रन नको. हे मी ठळक अक्षरांत लिहिलं असतं. एके वर्षी मी नऊ मुलं ॲप्रन घालून एका गल्लीत नेली. आम्ही निघून आलो, पण गल्लीला कळायचं ते कळलं. पुढच्या आठवड्यात घरमालकानं त्या कुटुंबाला खोली रिकामी करायला सांगितली. त्या घरातली बाई माझ्यापाशी येऊन काही भांडली नाही, नुसती बसून राहिली. आता साध्या कपड्यांत दोघंच जातात, रुग्णानं हो म्हटलं तरच, आणि शेजाऱ्यांनी विचारलं तर "कॉलेजच्या सर्व्हेला आलोय" एवढंच. फोटो काढायचा नाही. स्टेटसला तर नाहीच नाही.

पहिली भेट

आता मुद्द्याची गोष्ट. पहिल्या भेटीत विद्यार्थ्यानं रुग्णाला काहीही शिकवायचं नाही. एकच प्रश्न विचारायचा: "काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय केलं, सांगा." आणि लिहून घ्यायचं.

मुलांना हे फार जड जातं. डोक्यात सगळा अभ्यास ताजा असतो, तो उतू जात असतो. पण या एका प्रश्नातून जे निघतं ते चार्टमधून निघत नाही. एक रिक्षावाला होता, वजन बावन्न किलो, म्हणजे रोज चार गोळ्या. (पस्तीस ते एकोणपन्नास किलोला तीन, पन्नास ते चौसष्टला चार, असा हिशेब असतो.) त्याला कुणी विचारलं, "गोळ्या घेता ना?" की तो म्हणायचा, "हाँ, चारों." खोटं नव्हतं ते. आमच्या मुलीनं त्याचा कालचा दिवस विचारला तेव्हा कळलं: सकाळी पोहे-जिलबी, मग दोन गोळ्या, मग रिक्षा, रात्री जेवल्यावर उरलेल्या दोन. "चारों एक साथ गरम पड़ती हैं, बहनजी."

एका उत्तरात दोन चुका सापडल्या. चारही गोळ्या एकदम घ्यायच्या असतात, कारण तेव्हाच औषध रक्तात हवं तितकं चढतं. आणि शक्यतो उपाशीपोटी, कारण भरल्या पोटी रिफाम्पिसिन (त्या चार औषधांतलं एक) नीट शोषलं जात नाही. मुलगी लगेच तोंड उघडणार होती. मी डोळ्यांनी दटावलं. दुसऱ्या भेटीत तिनं त्याच्या दिवसातच गोळ्यांची जागा शोधली: उठल्यावर तोंड धुतलं की चारही गोळ्या, मग रिक्षा पुसायची, तासाभरानं पोहे. जिलबीला हात लावला नाही, इंदूरच्या माणसाची जिलबी सोडवून आपण कुठे जाणार? रिकाम्या पोटी फारच मळमळलं तर गोळ्या सोडायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारून थोडं काही खाऊन घ्यायच्या, हेही तिनं सांगितलं.

दुसऱ्या भेटीपासून

एका भेटीत एकच गोष्ट, फार तर दोन. सांगून झालं की "समजलं का?" असं विचारायचं नाही, त्याला प्रत्येक जण मान डोलावतो. "घरी गेल्यावर बायकोला हे कसं सांगाल, मला सांगून दाखवा," असं म्हणायचं. तो जे सांगेल तेवढंच त्याला कळलं. बाकीचं पुन्हा.

भाषा मुलांनी आधी माझ्यावर चालवून बघायची. "स्पुटम" म्हटलं की रुग्ण थुंकी देतो आणि डबीत फेस येतो. खोल श्वास घ्या, दोन-तीनदा, मग छातीतून खाकरून आलेलं द्या, असं स्वतः करून दाखवावं लागतं (मोकळ्या हवेत, आणि आपण वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहून). सहा महिने का, हे सांगायला एकानं बॅक्टेरियाच्या सुप्त अवस्थेवर भाषण ठोकलं. समोरचा देवासकडचा शेतकरी शांतपणे म्हणाला, "मतलब घास ऊपर से काटी तो फिर उगेगी." मी त्या मुलाला म्हटलं, बाळा, यापुढे तू हेच सांग.

औषधांच्या त्रासाचं मात्र पहिल्याच आठवड्यात सांगा, उशीर नको. लघवी नारिंगी होते, रिफाम्पिसिनमुळे, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हे सांगायचं राहून गेलं आणि नेमकी रंगपंचमी आली, तर काय होतं ते मी पाहिलंय. राजवाड्यावरची गेर (रंगपंचमीची मिरवणूक) खेळून आलेला एक तरुण दुसऱ्या दिवशी लघवी बघून हादरला. आधी वाटलं रंग पोटात गेला, मग वाटलं रक्त, आणि त्यानं गोळ्याच बंद केल्या. आमच्या विद्यार्थ्यानं यादीतल्या सतरा गोष्टी सांगितल्या होत्या, तेवढी एक सोडून.

कुठल्या त्रासाला थांबायचं नाही आणि कुठल्याला धावत यायचं, हा फरक रुग्णाच्या डोक्यात पक्का बसला पाहिजे. सांधे दुखले, हातापायांना मुंग्या आल्या, तर गोळ्या चालू ठेवून दाखवायला यायचं. मुंग्यांवर पायरिडॉक्सिन (बी-६ जीवनसत्त्व) मिळतं. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, अन्न नको झालं, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना. नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवं नीट ओळखू येईना, तरी त्याच दिवशी. ते चार औषधांतल्या एथॅम्ब्युटॉलचं काम असू शकतं. एक मुलगी राजवाड्यावरून लाल आणि हिरव्या काचेच्या बांगड्या घेऊन आली होती. प्रत्येक भेटीत पेशंटच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "हिरवी कुठली?" रंग ओळखण्याची नजर तपासायच्या इशिहाराच्या तक्त्याची जागा बांगडी घेऊ शकत नाही, पण त्या निमित्तानं नजरेचा विषय दर भेटीत निघायचा आणि रुग्णालाही लक्षात राहायचा.

बायकांना एक गोष्ट मुलींनीच सांगावी, तीही सासू जवळ नसताना: रिफाम्पिसिन चालू असताना माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही. दुसरा उपाय डॉक्टरांना विचारावा लागतो. हे कुणीच सांगत नाही आणि मग चौथ्या महिन्यात वेगळीच चिठ्ठी हातात येते.

ताटाखालचा ठिपका

मिलच्या भागातल्या एका चाळीत आमची एक मराठी आजी होती. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, तेव्हापासून घर मुलाच्या पगारावर. तिच्याकडे जाणारी मुलगी रामबागेतली, इंदूरच्या मराठी वस्तीतली, म्हणून भाषेची अडचण नव्हती. तिसऱ्या भेटीत सुनेनं चहा दिला. मुलीनं कपबशी धुवायला म्हणून उचलून मोरीपाशी नेली, तर तिथे एक ताट, एक वाटी, एक फुलपात्र वेगळं पालथं घातलेलं. तिन्हींच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका.

"हे काय?"

"आईंचं आहे," सून म्हणाली. "चुकून मुलांनी घेऊ नये म्हणून."

आजी खाटेवरून ऐकत होती. काही बोलली नाही, पदर नीट केला.

आता इथे काही मुलं त्या ठिपक्याच्या फुलपात्रातून घटाघट पाणी पिऊन दाखवतात. असली नाटकं मला आवडत नाहीत. सुनेला चारचौघांत खोटं पाडलं की ती तुमच्यासमोर ऐकते आणि तुमच्या मागे आजीचं ताट अंगणात जातं. या मुलीनं सुनेलाच हाताशी धरलं. म्हणाली, "वहिनी, मुलांची काळजी करताय ते बरोबरच आहे, पण टीबी ताटातून जात नाही, खोकल्यातून हवेत जातो. मुलांना वाचवायचं तर ती खिडकी उघडू या." खिडकीला ट्रंक लावलेली होती. दोघींनी मिळून ती हलवली. धाकटा नातू तीन वर्षांचा होता. त्याची तपासणी करून, टीबी नाही याची खात्री झाल्यावर, त्याला टीबी होऊ नये म्हणून द्यायचं औषध सुरू करवलं. पाचच्या आतलं मूल घरात असेल तर हे विसरायचंच नाही. बाकीच्या मोठ्यांनाही तपासायला बोलवायचं, कुणाला खोकला असो वा नसो.

घरात ठेवलं तर सगळ्यांना होईल, ही भीती जुनी आहे. १९५६ साली मद्रासला याचाच अभ्यास सुरू झाला: काही रुग्ण सॅनिटोरियममध्ये, काही घरी, औषधं तीच. घरी राहिलेले तितक्याच चांगल्या रीतीनं बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांमध्ये टीबी जास्त झाला नाही. हे मी मुलांना सांगते. मुलांनी ते सुनेला सांगायची गरज नसते. त्यांच्या आवाजात खात्री आली की पुरे.

पैसे, जेवण आणि मुलांनी काय करू नये

निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये थेट खात्यात येतात. २०१८ साली योजना सुरू झाली तेव्हा ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. विद्यार्थ्यानं खातं आणि आधार जोडलेलं आहे का एवढं बघावं, आणि अडलं तर केंद्रावर जाऊन विचारावं. "पैसे येतीलच" असं वचन देऊ नये. उशीर झाला की रुग्ण सरकारवर रागावत नाही, त्या मुलावर रागावतो. निक्षयची हेल्पलाइन १८००-११-६६६६ आहे, ती रुग्णाच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावी.

जेवणाचा सल्ला देताना मुलं हमखास "प्रोटीन घ्या" म्हणतात. घरात डबे उघडून काय आहे ते विचारा: भाजलेले चणे, गूळ, शेंगदाणे, तुरीची डाळ, चालत असेल तर अंडं. झारखंडमध्ये रुग्णाच्या घरच्यांना दरमहा शिधा देऊन एक मोठा अभ्यास झाला. २०२३ साली निकाल आले, तेव्हा त्या घरांत टीबीचं नवं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी दिसलं. तेव्हा एकट्या रुग्णाचं ताट भरून भागत नाही. वजन दर भेटीला करा आणि आकडा रुग्णालाच लिहू द्या. किलोभर वाढलं की तो स्वतःच कार्ड दाखवत फिरतो.

विद्यार्थ्यानं स्वतःच्या खिशातून पैसे द्यायचे नाहीत, डोस बदलायचा नाही, रिपोर्टचा अर्थ स्वतः लावायचा नाही, आणि स्वतःचा नंबर द्यायचा नाही. आमच्याकडे विभागाचा एक फोन आहे, त्यावरून ठरल्या दिवशी फोन जातो. दारूबद्दल विचारायचं, पण आवाज चढवायचा नाही. लिव्हरवर औषधांचा भार आधीच आहे, त्यात दारू नको, एवढं सांगून पुढच्या भेटीत पुन्हा विचारायचं. एचआयव्ही आणि साखर तपासली का, कार्डावर बघायचं. नसेल तर डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

मार्क कसे द्यायचे

विद्यार्थ्याला प्रश्न विचारू नका, त्याला सगळं येतं. त्याला बाहेर उभा करा आणि रुग्णाला आत बोलवा. गोळ्या कधी घेता, एकदम की वेगवेगळ्या? डोळे पिवळे झाले तर काय कराल? घरात कुणाकुणाची तपासणी झाली? गावी गेलात तर गोळ्या कुठून आणाल? रुग्णाच्या उत्तरांवर विद्यार्थ्याचे मार्क. पहिल्या वर्षी हे केलं तेव्हा वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलाला दहापैकी तीन पडले. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, पण पुढच्या भेटीला वही घेऊन गेला आणि तासभर नुसता ऐकत बसला.

सहावा महिना संपला, बेडक्याची शेवटची तपासणी झाली, की मुलांना वाटतं सुटलो. पण त्यानंतरही सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी रुग्णाला बोलवायचं असतं, कारण आजार उलटतो तो बहुधा याच काळात. तोवर विद्यार्थी इंटर्न होऊन गेलेला असतो. म्हणून शेवटच्या भेटीत ज्युनियरला सोबत न्या, आणि ओळख विद्यार्थ्यानं करून देण्याऐवजी रुग्णाला करून द्यायला सांगा. मागच्या महिन्यात त्या रिक्षावाल्यानं नव्या मुलाला बाकावर जवळ बसवलं आणि म्हणाला, "देख, पहले तू मेरे से पूछ कि कल क्या किया." वही आता त्या मुलाकडे आहे.